गणपतीत आलेला बिनबोलावलेला पाहुणा : ओपनफायर चॅट सर्व्हरमधलं भोक

गंजलेला_खिळा | २४ सप्टेंबर २०२३, रात्री ११:४०

धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

मी छोट्या कारखान्यांची नेटवर्कं सांभाळतो. वर्षाचा करार, महिन्याला दोन चकरा, मध्ये काही पेटलं तर फोन. भोसरी एमआयडीसीतलं असंच एक जुनं गिऱ्हाईक, साठ माणसांचा कारखाना. गौरीजेवणाच्या दिवशी, पान वाढलेलं असताना, तिथल्या स्टोअरच्या काकांचा फोन : "जिन्याखालच्या खोलीतला तुमचा डबा विमानासारखा आवाज करतोय. कारखाना बंद आहे, मग हा एवढा कसलं काम करतोय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्या डब्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), आणि त्यावर ओपनफायर हा चॅट सर्व्हर. ऑफिसातली माणसं स्पार्क नावाच्या क्लायंटवरून एकमेकांशी बोलतात. सुट्टीच्या दिवशी त्याला माशी मारायचंही काम नसतं.

जाऊन पाहिलं तर 'केडेव्हटीएमपीएफएसआय' नावाची प्रोसेस (चालू प्रोग्राम) सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरची सगळी ताकद, खात बसलेली. ज्यांनी हे नाव आधी पाहिलंय त्यांनी कपाळावर हात मारला असेल. लिनक्स कर्नलची स्वतःची 'केडेव्हटीएमपीएफएस' नावाची एक निरुपद्रवी प्रोसेस असते. या महाशयांनी तिच्यामागे फक्त एक 'आय' जोडलाय, म्हणजे घाईत यादी चाळणाऱ्याला वाटावं घरचंच कोणीतरी आहे. हा किन्सिंग टोळीचा मायनर. आपल्या विजेवर मोनेरो हे आभासी चलन खणतो आणि पैसे त्यांच्या खिशात. मारला की मिनिटभरात परत हजर, कारण क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, नोंद टाकून ठेवलेली.

आता आत आला कुठून? एसएसएच, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायची वाट, बाहेरून बंद. राउटर उघडला तर दोन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, आत वळवलेले. ५२२२, तो चॅटचाच, समजू शकतो. दुसरा ९०९०. ओपनफायरची ॲडमिन कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा कारभार करायची वेब पानं. ती अख्ख्या जगासाठी उघडी!

कोणी उघडली म्हणून माझी कामाची डायरी चाळली. एप्रिल २०२०, लॉकडाऊन, माझ्याच अक्षरात : "घरून नवीन युजर करता यावेत म्हणून ९०९० फॉरवर्ड. तात्पुरतं."

तात्पुरतं.

कन्सोलमध्ये ॲडमिनच्या यादीत दोन नावं ओळखीची, तिसरं म्हणजे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं. प्लगइनच्या (जोड-प्रोग्रामांच्या) फोल्डरमध्ये मी न टाकलेली एक जार फाइल, म्हणजे जावा प्रोग्रामची पुडी. ओपनफायरची आवृत्ती ४.५.१, तीही त्याच एप्रिलमध्ये बसवलेली. तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही, कारण चालू होतं.

शोधल्यावर कळलं की या भोकाला सीव्हीई या जगभरच्या भोकांच्या यादीत सीव्हीई-२०२३-३२३१५ असा नंबर आहे, आणि मे महिन्यातच ४.६.८ आणि ४.७.५ मध्ये ते बुजवलेलं आहे. म्हणजे औषध चार महिने दुकानात होतं. चिठ्ठी घेऊन जाणारं कोणी नव्हतं.

मशीन नेटवर्कवरून काढलंय. डिस्कची प्रत करून ठेवलीय. पासवर्ड न विचारता तो आत गेलाच कसा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. ओपनफायर जावा भाषेत लिहिलेला, तेव्हा जावावाल्यांनी प्रकाश टाकावा.

---

पुणेरी_पाटी | २५ सप्टेंबर २०२३, सकाळी ७:१२

वाचतोय. एक भाबडी शंका : साठ माणसांच्या कारखान्याला स्वतःचा चॅट सर्व्हर कशाला? व्हॉट्सॲप आहे की.

---

गंजलेला_खिळा | २५ सप्टेंबर २०२३, सकाळी ७:५०

शंका भाबडी नाही. तीन कारणं. शॉप फ्लोअरवर मोबाइल बंदी आहे. ड्रॉइंगं बाहेर जाऊ नयेत असं मोठ्या गिऱ्हाइकांनी लिहून घेतलेलं आहे. आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्यासोबत ग्रुपही जातो, हे मालकांनी एकदा भोगलंय.

गंमत म्हणजे व्हॉट्सॲपनेही सुरुवात ईजॅबरडी या अशाच खुल्या एक्सएमपीपी (चॅटची एक खुली भाषा) सर्व्हरवर केली होती, मग तो आपल्या गरजेप्रमाणे घडवत नेला. आपण त्याच घराण्यातले, फक्त गरीब शाखेतले.

---

भाऊचा_धक्का | २५ सप्टेंबर २०२३, दुपारी १:२५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. रोज जावातच पोट भरतो, तेव्हा मी प्रयत्न करतो.

ओपनफायर नवा बसवला की पहिल्यांदा सेटअपची पानं येतात : डेटाबेस कुठला, ॲडमिनचा पासवर्ड काय ठेवायचा वगैरे. त्या वेळी ॲडमिनच जन्माला आलेला नसतो, मग ही पानं पासवर्डशिवाय उघडावीच लागतात. म्हणून कन्सोलच्या दारावर जो फिल्टर बसवलाय त्याला अपवादांची यादी दिलेली असते. त्यात एक ओळ साधारण अशी : पत्ता 'सेटअप/सेटअप-' ने सुरू होत असेल तर पुढे काहीही असो, सोडून दे. ते 'पुढे काहीही' म्हणजे ताराचिन्ह, वाइल्डकार्ड. मुळात पाप त्या ताऱ्याचं.

कारण पत्त्यात दोन टिंबं टाकली की एक पायरी वर जाता येतं. सेटअपच्या नावाने सुरुवात करायची, दोनदा 'टिंब टिंब' करून बाहेर पडायचं आणि पुढे 'युजर तयार करा' या पानाचं नाव द्यायचं. फिल्टर फक्त सुरुवात बघतो आणि म्हणतो, सेटअपवाला दिसतोय, जाऊ दे.

आता खरी गोष्ट. हे भोक २०२३ चं नाहीच! २००८ मध्ये नेमकं हेच सापडलं होतं, सीव्हीई-२००८-६५०८. तेव्हाच्या ३.६.०ए पर्यंतच्या आवृत्त्यांत. त्यावर दुरुस्तीही झाली : पत्त्यात दोन टिंबं दिसली, किंवा टिंबाचं टक्केवालं रूप (वेब पत्त्यात अक्षराऐवजी टक्का आणि त्याचा कोड लिहितात तसं), टक्का-२ई, दिसलं की हाकलून द्या. काम चोख होतं.

पण ओपनफायरच्या पोटात वेब सर्व्हर म्हणून जेटी आहे. जेटी बदलत गेली. नव्या जेटीला टिंब लिहायची आणखी एक तऱ्हा कळायला लागली : टक्का-यू-००२ई. ही पद्धत वेब पत्त्यांच्या मानकात नाही, पण जेटीने ती समजून घेतली. फिल्टर मात्र २००८ च्या माहितीवरच बसलेला. म्हणजे रखवालदाराला सांगितलंय की अमुक चेहऱ्याचा माणूस आत सोडू नकोस. माणूस बहुरूप्याचं सोंग घेऊन आला, रखवालदाराने सलाम ठोकला, आणि आतल्या कारकुनाने सोंगाखालचा चेहरा ओळखून "या, बसा" म्हणत खुर्ची दिली.

एप्रिल २०१५ मधल्या ३.१०.० पासून हे असंच होतं. आठ वर्षं. कोणी नवं चुकीचं लिहिलं नाही. जुनं बरोबर लिहिलेलं, पण त्याच्या खालची फरशी बदलली.

(जेटी म्हणजे धक्का. माझं सदस्यनाम बघून कोणी विनोद करण्याआधी मीच करून टाकतो.)

---

जुनं_खोड | २५ सप्टेंबर २०२३, दुपारी ३:०५

'टक्का-यू' वाचून वीस वर्षं मागे गेलो. मराठी संकेतस्थळं युनिकोडवर यायला लागली तेव्हा जावास्क्रिप्टच्या 'एस्केप' या फंक्शनमधून मराठी शब्द गेला की तो असाच दिसायचा. 'म' म्हणजे टक्का-यू-०९२ई. तोच 'म' यूटीएफ-८ च्या रीतसर पद्धतीत टक्का-ई०, टक्का-ए४, टक्का-एई असा तीन तुकड्यांत जातो. अर्धे सर्व्हर पहिलं रूप ओळखायचे, अर्धे तोंडावर चूक फेकायचे. शोधखिडकीत 'मराठी' टाईप केलं की पुढच्या पानावर भुताटकी.

बघा, टिंब ००२ई आणि आपला म ०९२ई. शेपूट एकच. ज्या खटपटीने आमची अक्षरं धड जायची नाहीत, तिच्यावरून चोर मात्र बिनबोभाट आत गेले.

---

तिखटमीठ | २५ सप्टेंबर २०२३, रात्री ९:३०

आइंडहोवनहून. याच धंद्यात आहे, म्हणून थोडं खडसावून लिहिते, राग मानू नका.

खिळेदादा, ॲडमिनच्या यादीतलं तिसरं नाव सापडलं म्हणून तुम्हाला कळलं. ज्यांच्याकडे ते नाव नाही त्यांनी हुश्श करू नये. सुरुवातीचे हल्लेखोर खरंच नवा ॲडमिन करायचे, त्याने लॉगिन करायचे आणि मग प्लगइन चढवायचे. पण ऑगस्टमध्ये व्हल्नचेक या कंपनीने दाखवून दिलं की नवा युजर करायची गरजच नाही. त्याच बहुरूप्या पत्त्याने थेट प्लगइन चढवायच्या पानावर जाता येतं. लॉगिन नाही, युजर नाही, म्हणजे ऑडिटच्या नोंदीत ओळ नाही. म्हणून प्लगइनचं फोल्डर बघा आणि पुढच्या राउटर-फायरवॉलचे लॉग बघा.

आणि ओपनफायरचं प्लगइन म्हणजे काही नुसती रंगरंगोटी नव्हे, ती पूर्ण जावा असते. जे हात कन्सोलपर्यंत पोचले ते मशीनवर हवं ते चालवू शकतात. त्यामुळे "फक्त चॅटचा ॲडमिन झाला, काय बिघडलं" हा युक्तिवाद इथे चालत नाही.

त्याच वेळी व्हल्नचेकने शोडानवर (इंटरनेटवरची उघडी मशीनं शोधणारं सर्च इंजिन) मोजलं तर इंटरनेटवर उघडे ओपनफायर ६,३०० च्या वर होते, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास या भोकासकट. दुरुस्त केलेले जेमतेम २० टक्के. सुमारे २५ टक्के तर ३.१०.० च्याही आधीचे, म्हणजे भोक जन्मायच्या आधीचे! अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ऑगस्टमध्येच हे 'प्रत्यक्ष वापरात असलेल्या' भोकांच्या यादीत टाकलंय.

आता कामाचं. मायनर हे नशीब समजा, तो आवाज करतो. तुमच्या काकांनी पंखा ऐकला. पण त्याच दारातून आधी कोणी गुपचूप येऊन गेलं असेल तर? ओपनफायर पासवर्ड डेटाबेसमध्ये ब्लोफिश या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद ठेवतो, आणि त्या कुलपाची किल्ली त्याच डेटाबेसच्या दुसऱ्या टेबलात पडलेली असते. ज्याला डेटाबेस मिळाला त्याला मूळ पासवर्ड मिळाले असंच धरा. लोक तोच पासवर्ड मेलला, टॅलीला, आणि देव न करो, बँकेला वापरतात. सगळ्यांचे बदला. एलडॅपला (ऑफिसच्या खात्यांची सामाईक यादी) जोडलं असेल तर त्या खात्याचाही.

मशीन 'साफ' करू नका. पुसून नवं बसवा.

---

गंजलेला_खिळा | २५ सप्टेंबर २०२३, रात्री १०:१५

ताई, राग कसला. धक्कासाहेबांनाही दंडवत, आता कुठे डोक्यात शिरलं.

ओपनफायर स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालत होता, रूट (मशीनचा सर्वाधिकारी) नव्हता, एवढंच माझं पुण्य. क्रॉनची नोंदही त्याच युजरची. तरी नवंच बसवतोय.

पासवर्डचं वाचून पोटात गोळा आला. साठपैकी चाळीसेक लोकांचा 'नाव, ॲट, १२३' असणार, हे मला माहीत आहे कारण खाती मीच तशी करून दिली होती.

---

सोलापुरी_चादर | २५ सप्टेंबर २०२३, रात्री ११:५८

हा धागा वाचून झोप उडाली राव. आमच्या पतसंस्थेत सहा शाखा, सगळ्या ओपनफायरवर. मी सोडून हे कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही. उद्या सकाळी बघतो. कन्सोलच्या लॉगिन पानावर खाली आवृत्ती दिसते ना?

---

पुणेरी_पाटी | २६ सप्टेंबर २०२३, सकाळी ८:३०

म्हणजे शेवटी फुकटच्या सॉफ्टवेअरचं हेच होणार. कोड सगळ्यांसमोर, चोरांसमोरही. कंपनीचं विकत घेतलं असतं तर निदान कोणाची तरी मान धरता आली असती.

---

भाऊचा_धक्का | २६ सप्टेंबर २०२३, सकाळी १०:०२

असहमत, आणि कडकडून.

ज्यांनी हे भोक दुरुस्त केलं त्यांनी काहीही न लपवता लिहून टाकलंय : काय चुकलं, २००८ ची दुरुस्ती का अपुरी पडली, आवृत्ती बदलता येत नसेल तर काय करा. वाइल्डकार्डला परवानगी देणारी सेटिंग आता मुळातच बंद करून टाकली. ज्यांना लगेच बदल जमणार नाही त्यांच्यासाठी ते अपवाद झाडून काढणारं वेगळं प्लगइन दिलं. कन्सोल फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच मशीनपुरती, बांधून ठेवा हेही सांगितलं. विकतच्या किती कंपन्या स्वतःची पंधरा वर्षांपूर्वीची चूक असं नाव घेऊन सांगतात?

तुमचा मुद्दा वेगळ्या रूपात मात्र खरा आहे. फुकट मिळालेल्या वस्तूचं वार्षिक देखभाल बिल कोणी काढत नाही. बिल नाही म्हणून ती कोणाच्या यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीतल्या भोकाचा वणवा पेटला तेव्हाही जिन्याखालच्या डब्याची आठवण कोणाला झाली नसणार. ओपनफायरमध्ये लॉगफोरजेही आहे बरं का. खिळेभाऊ, तेव्हा काही केलं होतंत?

---

गंजलेला_खिळा | २६ सप्टेंबर २०२३, सकाळी ११:२०

नाही. त्या आठवड्यात बारा गिऱ्हाइकांकडे पळत होतो. ओपनफायरचं नाव डोक्यातही आलं नाही. आता विचारलंत म्हणून आठवलं.

---

सोलापुरी_चादर | २६ सप्टेंबर २०२३, दुपारी १२:४५

सगळ्यांनी हसून घ्या. आमची आवृत्ती ३.९.३.

म्हणजे भोक जन्मायच्या आधीची!! ताईंच्या त्या २५ टक्क्यांतले आम्ही. आळसाने वाचलो.

---

तिखटमीठ | २६ सप्टेंबर २०२३, दुपारी २:१०

चादरभाऊ, हसले, पण लगेच सांगते : ३.९.३ ही २०१४ ची आहे. त्यानंतर जेवढी भोकं बुजवली ती सगळी तुमच्याकडे उघडी आहेत. एका गल्लीतला चोर तुमच्याकडे आला नाही, एवढाच याचा अर्थ.

खिळेदादा, दुसरं : सर्ट-इनला, म्हणजे भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवलंत का? २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. लघुउद्योगांना तेव्हा सप्टेंबर २०२२ पर्यंत सवलत होती, ती संपून वर्ष झालं. लॉगही १८० दिवसांचे ठेवायचे आहेत.

---

गंजलेला_खिळा | २६ सप्टेंबर २०२३, रात्री ९:००

सहा तासांत मी अजून क्रॉनशी मारामारी करत होतो. मेल दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मालक म्हणाले, "कशाला बोभाटा, घरातलं घरात मिटवू." मी म्हटलं, साहेब, तुमच्या मशीनवरून उद्या दुसऱ्या कोणावर हल्ला झाला तर तपासाला पत्ता तुमचाच निघेल. मग पाठवा म्हणाले.

लॉगांची अवस्था सांगायला लाज वाटते. राउटर सात दिवसांचेच ठेवतो. म्हणजे ताईंचा प्रश्न, आधी कोणी गुपचूप येऊन गेलं का, याचं उत्तर मला कधीच मिळणार नाही. ती अनोळखी जार १४ सप्टेंबरची आहे. त्याआधीचं सगळं अंधारात.

मालकांचा प्रश्न तर त्याहून अवघड. मायनर, मोनेरो यात त्यांना रस नाही. "आमची बोलणी कोणी वाचली का?" एवढंच परत परत. संभाषण साठवायचं मॉनिटरिंग प्लगइन त्यांनीच बसवायला लावलं होतं. तीन वर्षांचे कोटेशनचे आकडे, पगारवाढीची चर्चा, कोणाला काढायचं याचीसुद्धा. सगळं त्याच डेटाबेसमध्ये.

---

जुनं_खोड | २६ सप्टेंबर २०२३, रात्री १०:२५

एक विचारू? ९०९० तुम्हीच उघडला होता, हे त्यांना सांगितलंत का?

---

पुणेरी_पाटी | २६ सप्टेंबर २०२३, रात्री १०:४०

नका सांगू. करार जाईल. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनीच असलं काहीतरी केलंय.

---

तिखटमीठ | २६ सप्टेंबर २०२३, रात्री १०:५२

सांगा. डायरीचं पान दाखवून सांगा.

---

सोलापुरी_चादर | ३ ऑक्टोबर २०२३, सायंकाळी ६:१५

३.९.३ वरून ४.७.५ वर आलो. सर्व्हर अर्ध्या दिवसात झाला, शाखांमधले जुने स्पार्क बदलायला चार दिवस गेले. दोन शाखांनी तोवर व्हॉट्सॲप ग्रुप काढून कामकाज सुरूही केलं. एका मॅनेजरबाईंनी तोंडावर विचारलं, "चांगलं चाललेलं कशाला बिघडवलंत?" या धाग्याची लिंक पाठवलीय त्यांना.

---

गंजलेला_खिळा | १५ ऑक्टोबर २०२३, रात्री ८:३०

आज घटस्थापना. उशिरा लिहितोय, पण लिहायचं राहू नये म्हणून.

नवीन डिस्क, नवीन उबुंटू, ओपनफायर ४.७.५. ९०९० आता फक्त लूपबॅकवर, मला हवा असेल तेव्हा एसएसएचच्या बोगद्यातून जातो. बाहेरून चॅट हवं असणाऱ्यांना वायरगार्ड हे व्हीपीएन दिलं, ते पाचच जण निघाले. सगळ्यांचे पासवर्ड बदलले. टॅलीचे आणि मेलचेही, आणि त्यासाठी दोन दिवस एकेका टेबलापाशी उभा राहिलो. जुनी संभाषणं वेगळ्या डिस्कवर काढून मालकांच्या कपाटात ठेवलीत, सर्व्हरवर फक्त नव्वद दिवसांची राहतील.

डायरी दाखवली. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "त्या महिन्यात मीच तुला रोज दहा फोन करत होतो, लवकर कर म्हणून." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तरी तू परत येऊन बघायला हवं होतंस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कामाचे पैसे मी लावले नाहीत, डिस्कचे त्यांनी दिले. करार आहे, पण आता त्यात एक ओळ वाढलीय : दर तिमाहीला राउटरवर उघडे असलेले सगळे पोर्ट छापून त्यांच्या टेबलावर ठेवायचे, प्रत्येकासमोर कारण आणि सही.

पहिली यादी छापली तेव्हा आणखी एक उघडा सापडला. ३३८९, रिमोट डेस्कटॉप, हिशेबाच्या मशीनकडे. डायरीत त्याची नोंदच नाही. रात्री साडेअकराला बंद केला. सकाळी त्यांच्या सीएचा फोन, "माझं कनेक्शन का लागत नाही?"

बाकी स्टोअरच्या काकांची एकच तक्रार आहे. नवा स्पार्क 'टिंग' वेगळं वाजवतो, जुनं परत आणा. उद्या त्याचं बघतो.